उंबऱ्याशी निजणारा साक्षीदार

ज्या घरांत कुत्रे पाळण्याची परंपरा आहे, त्या घरांतील माणसांना त्याची दुखणी तोंडपाठ असतात. गोचीड, खरूज, पोटातील जंत, पावसाळ्यात कानात होणारी चिकट घाण, आणि जिचे नाव काढताच अंगावर काटा उभा राहतो ती पिसाळ. अलीकडे पशुवैद्यांच्या तोंडून कर्करोगाचे नावही ऐकू येऊ लागले आहे. परंतु माणसाच्या कामाच्या कपड्यांवरून घरात आलेली धूळ कुत्र्याच्या छातीत जाऊन बसते आणि काही वर्षांनी तेथे कर्करोग उत्पन्न करू शकते, ही गोष्ट आमच्या परिचयाच्या श्वानप्रेमी मंडळींपैकी कुणाच्या गावीही नव्हती. ती धूळ ॲस्बेस्टॉसची. ह्या विषयावर चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले, ह्याचे कारण एवढेच की आपल्यापैकी पुष्कळांच्या मागच्या अंगणावर, गोठ्यावर, न्हाणीघरावर आणि गाडी ठेवण्याच्या पडवीवर आजही हेच पत्रे आहेत. आणि त्याच छपराखाली आपला मोत्या किंवा वाघ्या दुपारची झोप काढीत असतो.

प्रथम अमेरिकेतील एका अभ्यासाची हकीकत सांगतो. फिलाडेल्फिया हे जुने औद्योगिक शहर. तेथे जहाजे बांधण्याची मोठी गोदी होती, आणि शहराच्या उत्तरेस ॲम्बलर नावाच्या गावी ॲस्बेस्टॉसचा मोठा कारखाना होता. त्या कारखान्याच्या टाकाऊ मालाचे पांढरे ढीग एवढे उंच झाले होते की गावातील मुले त्यांच्यावरून घसरगुंडी खेळत. ह्याच फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे पशुरुग्णालय आहे. एप्रिल १९७७ ते डिसेंबर १९८१ ह्या काळात तेथे आलेल्या कुत्र्यांपैकी अठरांच्या शरीरात मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली निश्चित झाला. हा रोग कुत्र्यांत अत्यंत विरळ. ग्लिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांपैकी सोळा कुत्र्यांच्या मालकांना गाठले. तुलनेसाठी त्याच वयाची, त्याच जातीची व त्याच लिंगाची, परंतु ॲस्बेस्टॉसशी संबंध नसलेल्या दुखण्यांनी आजारी असलेली बत्तीस कुत्री निवडली. कुत्रे कोठे राहते, काय खाते, कोणती औषधे घेतली, घरातील माणसे काय उद्योग करतात, असे नाना प्रश्न दोन्ही गटांच्या मालकांना विचारण्यात आले. १९८३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की मेसोथेलिओमा झालेल्या कुत्र्यांच्या घरी ॲस्बेस्टॉसशी संबंध येईल असा धंदा अथवा छंद असणारे माणूस असण्याचे प्रमाण लक्षात येण्याइतके अधिक होते. दुसरी गोष्ट, त्या कुत्र्यांवर पिसवा मारण्याच्या औषधांचा वापर अधिक झालेला होता. काही कुत्र्यांची फुप्फुसे तपासली, तेव्हा मेसोथेलिओमा झालेल्या तिघांच्या आणि फुप्फुसाचाच दुसऱ्या प्रकारचा कर्करोग झालेल्या एकाच्या फुप्फुसांत पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे तंतू इतर कुत्र्यांच्या मानाने जास्त सापडले.

कुत्रे काही गोदीत कामाला जात नव्हते. ते घरीच होते. म्हणजे धूळ घरी आली.

पिसवांच्या औषधाचा येथे काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडेल. अशा पावडरींत शंखजिऱ्याची भुकटी वापरीत. शंखजिरे व ॲस्बेस्टॉस ही दोन्ही खनिजे भूगर्भात पुष्कळदा शेजारी शेजारी आढळतात, आणि खाणीतून एक काढताना दुसऱ्याचे तंतू त्यात मिसळणे अशक्य नसते. माणसांच्या अंगाला लावण्याच्या पावडरीवरून पुढे परदेशांत जे खटले उभे राहिले, त्यांच्या मुळाशीही हेच आहे. मात्र त्या अभ्यासातील कुत्र्यांना पावडरीतील ॲस्बेस्टॉसनेच अपाय झाला असे कोणी सिद्ध केलेले नाही. सोळा कुत्र्यांचा अभ्यास हा लहान अभ्यास आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. एका घरात दोन गोष्टी एकत्र नांदल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे आम्ही वर्गात शिकवितो. ते येथेही लागू आहे. परंतु ह्या अभ्यासामागे माणसांच्या आजाराचा जो इतिहास उभा आहे, तो पाहिला म्हणजे त्याचे वजन वाढते.

तो इतिहास थोडक्यात असा. ॲस्बेस्टॉस हा शब्द ग्रीक; त्याचा अर्थ न विझणारे. हा दगड असून कापसासारखा पिंजता येतो, त्याचे सूत निघते, कापड होते, आणि ते जळत नाही. मार्को पोलोने तेराव्या शतकात आशियातील प्रवासात असे कापड पाहिले आणि ते आगीत टाकून पांढरे स्वच्छ करतात असे लिहून ठेवले. विसाव्या शतकात तर ह्या दगडावाचून कोणाचे पान हलेना. बाष्पकांची वेष्टने, जहाजांच्या भिंती, मोटारींचे ब्रेक, पाण्याचे नळ, छपराचे पत्रे, सर्वत्र तोच. मग १९६० साली दक्षिण आफ्रिकेतून वॅग्नर व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. केप प्रांताच्या वायव्य भागात निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. त्यात तेहतीस रोग्यांचा वृत्तान्त होता, आणि त्यांपैकी बहुतेकांचा त्या प्रदेशाशी संबंध आलेला होता. सर्वांना फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा. ह्यांत खाणकामगार होतेच. पण कधीही खाणीत न उतरलेली, केवळ त्या परिसरात बालपण गेलेली माणसेही होती.

पाच वर्षांनी, १९६५ साली, लंडनमध्ये म्यूरिएल न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्पसन ह्या दोन विदुषींनी ह्याच रोगाच्या शहात्तर रोग्यांचा पूर्वेतिहास खणून काढला. त्यांपैकी चाळीस जणांचा ॲस्बेस्टॉसशी संबंध कामावर अथवा घरातच आलेला निघाला. तुलनेसाठी घेतलेल्या तितक्याच इतर रोग्यांत असे नऊच होते. घरात संबंध आला म्हणजे काय? तर घरचे कोणीतरी कारखान्यात होते. अशा हकीकतींत सर्वांत नेहमीची हकीकत होती ती नवऱ्याचे कामावरचे कपडे धुणाऱ्या बायकोची. उरलेल्या छत्तीस जणांपैकी अकरा जण ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहिलेले होते.

ही कपडे धुणारी बाई आणि फिलाडेल्फियाचे ते कुत्रे ह्यांच्यात आम्हांस फार जवळचे नाते दिसते. कामावरून माणूस घरी येतो, तेव्हा प्रथम त्याच्या अंगावर झेप घेणारे कोण? कुत्रे. ते विजारीला नाक लावते, बुटांवर लोळते, हात चाटते. बायको कपडे झटकते, तेव्हा ते तिच्या पायांत घोटाळत असते. त्याचे नाक जमिनीपासून वीतभर उंचीवर, आणि धूळ बसते ती जमिनीवर. अंगावर बसलेली धूळ ते जिभेने साफ करते, म्हणजे पोटात घालते. मांजराचे तर अर्धे आयुष्य अंग चाटण्यातच जाते. लहान मुले रांगत असतात तीही त्याच उंचीवर, हे सुज्ञ वाचकांना सांगावयास नकोच.

आता हा तंतू शरीरात काय करतो ते पाहू. ॲस्बेस्टॉसचा तंतू केसाहून कित्येक पटींनी बारीक असतो आणि उभा चिरत जाऊन आणखी बारीक होतो. श्वासाबरोबर तो फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतो. बाहेरून आलेली घाण गिळून टाकणाऱ्या पेशी शरीरात असतात. त्या धुळीचे कण गिळतात, जंतू गिळतात. पण हा तंतू त्या पेशीहून लांब. ती त्याला अर्धा गिळते, पुरा गिळू शकत नाही, आणि त्या खटपटीत आतील दाहक रसायने बाहेर सांडून मरते. मग दुसरी पेशी येते. वर्षानुवर्षे हाच खेळ चालतो. काही तंतूंभोवती शरीर लोहयुक्त थर चढविते. सूक्ष्मदर्शकाखाली ते मण्यांच्या काडीसारखे दिसतात. काही तंतू सरकत सरकत फुप्फुसाच्या बाहेरच्या पातळ आवरणापर्यंत जातात. छातीत फुप्फुसावरण, हृदयाभोवती हृदयावरण आणि पोटात उदरावरण अशी ही एकाच जातीची पातळ अस्तरे आहेत. त्यांच्या पेशींत कर्करोग सुरू झाला म्हणजे त्याला मेसोथेलिओमा म्हणतात. माणसात तंतू शरीरात गेल्यापासून रोग दिसेपर्यंत वीस ते चाळीस, कधी पन्नास वर्षे लोटतात. तरुणपणी कामावर घेतलेला श्वास म्हातारपणी उलटतो.

कुत्र्याचे आयुष्यच मुळी दहा ते पंधरा वर्षांचे. त्याच्यात हा रोग व्हावयाचा तर एवढ्याच अवधीत होतो. म्हणूनच संशोधकांना कुत्र्याचे महत्त्व वाटले. माणूस नोकऱ्या बदलतो, गावे बदलतो. चाळीस वर्षांपूर्वी कोणत्या धुळीत उभा होता ते त्याला आठवत नाही. कुत्र्याचे चरित्र सरळ असते. एक घर, एक अंगण, एक कुटुंब. त्याच्या फुप्फुसात जे सापडेल ते त्या घराच्या हवेत होते, असे बहुधा म्हणता येते. आणि तीच हवा घेणाऱ्या माणसांचा रोग प्रकट होण्यास अजून वीस-तीस वर्षे असू शकतात.

मुक्या प्राण्यांनी माणसाला आधी इशारा दिल्याची ही काही एकच गोष्ट नव्हे. इंग्लंडातील कोळशाच्या खाणींत विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून कॅनरी पक्षी नेत. १९८६ साली त्यांच्या जागी यंत्रे आणण्याचा निर्णय झाला, तोवर ही पद्धत चालू होती. जपानात मिनामाता येथे पाऱ्याने विषारी झालेली मासळी खाऊन मांजरे नाचल्यासारखी तडफडू लागली होती. माणसांतील रोगाची अधिकृत नोंद झाली ती त्यानंतर, १९५६ साली. ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत कॉर्सिका बेटावरील शेळ्यांचे उदाहरण आहे. त्या बेटाच्या ईशान्य भागात ॲस्बेस्टॉसचे खडक उघड्यावर आहेत. तेथील कानारीची खाण १९६५ साली बंद झाली. परंतु २००२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्या भागात चरणाऱ्या शेळ्यांच्या फुप्फुसांत आणि फुप्फुसावरणातही ॲस्बेस्टॉसचे तंतू सापडल्याचे दिसून आले. शेळीने कोणत्या कारखान्यात नोकरी केली असणार?

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमच्यावर भीती पसरविल्याचा आरोप येईल. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले. त्या धुळीत ॲस्बेस्टॉसही होते. ढिगाऱ्यात माणसे शोधण्यासाठी शिकवून तयार केलेली कुत्री नेण्यात आली, आणि त्यांना तोंडावर मुसक्या बांधून काम करता येत नाही, कारण वास घेणे हेच त्यांचे काम. त्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील सिंथिया ओटो ह्यांनी अशा पंचाण्णव कुत्र्यांवर त्यांच्या मृत्यूपर्यंत लक्ष ठेवले. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेथे न गेलेल्या शोधकुत्र्यांच्या मानाने ह्या कुत्र्यांचे आयुष्य कमी झालेले नव्हते आणि फुप्फुसाच्या रोगांनी मरण्याचे प्रमाणही वाढलेले नव्हते. म्हणजे काही दिवसांचा धुळीशी संबंध आणि वर्षानुवर्षांचा घरगुती संबंध ह्यांत पुष्कळ अंतर आहे. आपल्या अंगणात एखादा पत्रा फुटला म्हणून कुत्र्याला कर्करोग झालाच असे समजून कोणी रात्रीची झोप घालवू नये. मांजरांच्या बाबतीत तर हा रोग कुत्र्यांहूनही विरळ आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. ॲस्बेस्टॉसवर बंदी घालणाऱ्या देशांची संख्या साठांवर गेली आहे. ब्रिटनने १९९९ साली बंदी घातली, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस, युरोपीय संघाने २००५ साली. जगाला पिढ्यानपिढ्या ॲस्बेस्टॉस विकणाऱ्या कॅनडानेही २०१८ साली ती घातली. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही. आपला देश त्याच्या जगातील मोठ्या आयातदारांपैकी एक आहे, आणि येणाऱ्या मालापैकी बहुतेक सिमेंटच्या पत्र्यांत जातो. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी दिलेला निकाल गुजरातेतील वाचकांना विशेष ठाऊक असावा, कारण तो अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या अर्जावर झाला. कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान चाळीस वर्षे अथवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, ह्यांपैकी जो काल पुढचा असेल तोपर्यंत जपून ठेवावी, असे त्यात कारखान्यांना बजावले आहे. चाळीस वर्षे! रोगाची चाल न्यायालयाने किती अचूक ओळखली होती, हे ह्या एका आकड्यावरून कळते. परंतु त्या नोंदवहीत कामगाराच्या बायकोचे नाव नाही, मुलांचे नाही, आणि त्याच्या दाराशी बसलेल्या प्राण्याचे तर नाहीच नाही.

मध्य प्रदेशातील वाचकांना कटनीजवळचे कैमोर ऐकून माहीत असेल. सिमेंट-ॲस्बेस्टॉसचे पत्रे करणारा कारखाना तेथे १९३० च्या दशकापासून चालला. टाकाऊ माल वर्षानुवर्षे जवळच्या जमिनीवर पडत गेला, आणि पुढे त्याच जमिनीवर व तिच्या भोवती वस्ती वाढली. तेथील अंगणांत माणसे वावरतात, गुरे बांधली जातात, कुत्री माती उकरतात. आपल्या देशात घरगुती जनावर मेले की त्याला पुरतात किंवा नगरपालिकेच्या गाडीत घालतात. त्याचे शवविच्छेदन करून फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याचा प्रसंग क्वचितच येतो. फिलाडेल्फियात ती अठरा कुत्री सापडली ती तेथे शोधणारे होते म्हणून.

आमच्या बेळगावकडे पूर्वी घरांवर मंगळुरी कौले असत. कौले शाकारणारी माणसे मिळेनाशी झाली, माकडांचा उपद्रव वाढला, आणि येथला पाऊस तर सर्वश्रुतच आहे. तेव्हा एकेक करीत मागच्या पडव्यांवर सिमेंटचे पत्रे आले. लोक त्यांना सिमेंटचे पत्रेच म्हणतात. ॲस्बेस्टॉस हा शब्द बोलण्यात येत नाही, आणि निम्मा घोटाळा ह्या नावातच आहे. पत्र्यात सिमेंटच अधिक असते हे खरे. ॲस्बेस्टॉस साधारण दहाव्या हिश्शाच्या आसपास. धडधाकट, न तुटलेल्या पत्र्यात हे तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. त्याखाली नुसते बसल्याने अपाय होतो असे नाही. अपाय होतो तो पत्रा कापताना, भोके पाडताना, फोडताना, आणि जुन्या, झिजलेल्या, शेवाळलेल्या पत्र्यावर तारेचा ब्रश घासताना.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शाळेच्या मागील व्हरांड्याचे पत्रे बदलण्याचे काम निघाले. कंत्राटदाराचा मनुष्य विजेच्या कटरने नवा पत्रा कापीत होता आणि पिठाच्या गिरणीत असावा तसा पांढरा धुरळा उडत होता. मध्यान्ह भोजनातील उरलेसुरले खाऊन आमच्या शाळेतच मोठा झालेला काळू नावाचा कुत्रा त्या भुकटीत चारी पाय वर करून लोळत होता. आम्ही काम थांबविण्यास सांगितले. त्या तरुणाने तोंडावरचा रुमाल खाली ओढून आमच्याकडे आश्चर्याने पाहिले. "सिमिटाचा पत्रा हाय की ओ सर, त्येला काय हुतंय?" त्याची चूक नव्हती, त्याला कोणी सांगितलेच नव्हते. रोज आठ तास ह्या धुरळ्यात उभा राहणारा तो, वय बावीस-तेवीस. घरी लहान मूल आहे असे बोलता बोलता कळले. कंत्राटदाराला विचारले, तर धुळीचा बंदोबस्त करण्याची बाब कामाच्या पत्रकात नाही असे उत्तर मिळाले, आणि पत्रक ज्या कचेरीतून आले तेथूनही निराळे काही कळले नाही. शेवटी एवढेच झाले की पत्र्यावर पाणी मारून हातकरवतीने काम सुरू झाले, भुकटी ओली करून गोळा केली, आणि काळूला आमच्या शिपायांनी पंपाखाली धरून धुतले. हे त्यास मुळीच रुचले नाही.

त्या प्रसंगानंतर आम्ही प्रयोगशाळेचे कपाट उघडले. वयाची चाळिशी उलटलेल्या वाचकांना शाळेतील ती तिवई, तो दिवा आणि त्यावर ठेवण्याची तारेची जाळी आठवत असेल, जिच्या मधोमध पांढरा गोल असे. तो गोल ॲस्बेस्टॉसचा. हातात घेतली की त्याचे पापुद्रे सुटत. अशा सात जाळ्या निघाल्या. त्या ओल्या करून दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्या आणि त्यांच्या जागी चिनीमातीच्या गोलाच्या जाळ्या आणविल्या. त्या महागही नाहीत. पुष्कळ घरांत रॉकेलच्या स्टोव्हवर भाताला वाफ आणण्यासाठी हीच पांढऱ्या गोलाची जाळी वापरीत. माळ्यावरील जुन्या डब्यांत ती अजूनही सापडण्याचा संभव आहे.

घरच्या पत्र्यांविषयी आम्ही जाणकारांकडून जे समजून घेतले ते असे. चांगला पत्रा उगाच काढू नये. काढण्यातच धोका अधिक. त्यावर रंगाचा जाड थर देता येतो. माळी, सुतार किंवा वीजकाम करणारा मनुष्य भोक पाडणार असेल तर आधी पाणी मारावयास लावावे, आणि त्या दिवशी मुले व जनावरे घरात कोंडून ठेवावीत. तुटलेल्या तुकड्यांचे कुत्र्याचे घर करण्याची, कोंबड्यांच्या खुराड्यावर ते टाकण्याची, फुलझाडांच्या वाफ्याला त्यांची कड लावण्याची आपल्याकडे फार हौस आहे, ती सोडावी. कुत्र्याला दात शिवशिवले की ते हाताशी असेल ते कुरतडते आणि पंजांनी उकरते, आणि पत्र्याची तुटलेली कड नेमकी तेथेच भुकटी सोडत असते. खाली पडलेली धूळ सुक्या केरसुणीने झाडू नये. ओल्या फडक्याने पुसावी व ते फडके धुऊन पुन्हा न वापरता टाकून द्यावे. साध्या रुमालाने हे तंतू अडत नाहीत, त्यास घट्ट बसणारा धुळीचा मुखवटाच लागतो.

घरातील कोणी पत्र्यांच्या कामावर, जुन्या इमारती पाडण्याच्या कामावर किंवा मोटारींच्या गॅरेजात असेल, तर त्याचे कपडे हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. जुन्या गाड्यांच्या ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असे, आणि आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या गॅरेजात ती धूळ हवेच्या झोताने उडविण्याची पद्धत आम्ही स्वतः पाहिली आहे. शक्य तर कपडे कामाच्या जागीच बदलावेत. ते घरी आणावेच लागले तर झटकू नयेत; पिशवीतून थेट पाण्यात बुडवावेत आणि घरच्या इतर कपड्यांत मिसळू नयेत. कुत्रे दारात स्वागताला आले, तर त्याला आधी दूर ठेवून, हातपाय धुऊन मग जवळ घ्यावे. आमच्या शेजारच्या मुधोळची ती प्रसिद्ध शिकारी कुत्री पाळणारे गृहस्थ सांगतात की कुत्र्याला शिस्त लावणे सोपे, मालकाला लावणे कठीण. ह्या बाबतीत ते शब्दशः खरे ठरावे.

कुत्र्याच्या लक्षणांविषयी दोन शब्द. मेसोथेलिओमा हा गाठीपेक्षा पाण्याने ओळखू येतो. छातीत पाणी साचले तर कुत्रे धापा टाकते, जिने चढण्यास कंटाळते, मान पुढे करून बसते, आडवे होण्याचे टाळते. हृदयावरणात साचले तर अशक्तपणा येतो व ते अकस्मात कोसळते. पोटात साचले तर पोट नगाऱ्यासारखे दिसते. परंतु हीच लक्षणे हृदयविकाराने, जंतुसंसर्गाने आणि दुसऱ्या कर्करोगांनीही होतात, आणि तीच कारणे कितीतरी अधिक संभवनीय आहेत. तेव्हा निदान पशुवैद्यानेच करावयाचे आहे. पाणी सुईने काढल्यावर कुत्र्यास तात्काळ आराम वाटतो, पण ते पुन्हा भरते. नुसत्या पाण्याच्या तपासणीवरून हा रोग ठरविणे अवघड असते, कारण दाह झालेल्या पेशीही कर्करोगाच्या पेशींसारख्या दिसतात. अस्तराचा तुकडा काढून पाहावा लागतो. पूर्ण बरे करणारा उपाय नाही. कुत्र्यांत सिसप्लॅटिन हे औषध त्या पोकळीत सोडल्यास पाणी साचण्याचा वेग काही काळ मंदावतो. मांजराला मात्र हे औषध कदापि देता येत नाही. त्याच्या फुप्फुसांत पाणी भरून ते मरते. कुत्र्याचे औषध मांजराला चालेल अशा समजुतीने परस्पर उपचार करणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

पशुवैद्य वय विचारतो, लस विचारतो, खाणे विचारतो. घरात कोण काय काम करते, हा प्रश्न तो बहुधा विचारीत नाही. कुत्र्याच्या छातीत किंवा पोटात कारण न कळता वारंवार पाणी होत असेल, तर ते आपण होऊन सांगावे: घरावर कोणते पत्रे आहेत, ते नुकतेच कापले किंवा पाडले काय, घरातील माणूस गॅरेजात अथवा बांधकामावर आहे काय. आणि निदान मेसोथेलिओमाचे निघाले, तर तो कागद घडी घालून कपाटात ठेवू नये. घरातील ज्या माणसाचा धुळीशी संबंध आला आहे त्याने, आणि त्याचे कपडे धुणाऱ्या बाईनेही, तो घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जावे. कुत्र्याचा कागद पाहून डॉक्टर प्रथम हसतील. मग माणसाने कोणत्या साली, कोठे आणि किती वर्षे काम केले ते विचारतील, आणि ते उत्तर केसपेपरावर लिहून घेतील.